भविष्य सांगा, नाहीतर व्याज भरा

गुढीपाडव्याला पंचांगातलं संवत्सरफळ ऐकायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, पीडा राजाला की प्रजेला, हे ऐकून माणूस कडुनिंबाची चटणी खातो आणि कामाला लागतो. फळ खोटं ठरलं म्हणून कुणी पंचांगकर्त्याकडे व्याज मागायला जात नाही.

प्राप्तिकर खात्याचं संवत्सरफळ ऐकायचं नसतं, आपण सांगायचं असतं. पुढच्या ३१ मार्चपर्यंत आपल्या हाती किती पैसे येणार हे १५ जूनच्या आत ओळखायचं, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि त्यातले पंधरा टक्के सरकारजमा करायचे. १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस टक्के, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत शंभर. याला अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणतात. भाकीत कमी पडलं, तर जेवढं कमी पडलं त्यावर महिना एक टक्का व्याज.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण तो कायदा राज्याचा आणि प्राप्तिकर केंद्राचा. त्यामुळे दोघांची अजून गाठ पडलेली नाही.

ज्याला माहीत नाही, त्यालाच विचारा

हे भविष्यकथन सगळ्यांना सक्तीचं नाही. वयाची साठी गाठलेले आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेले इथले रहिवासी यातून मोकळे. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, वजा जाता ज्याचा वर्षाचा कर दहा हजारांच्या आत असेल, तोही मोकळा. ही दहा हजारांची रेघ २००९ साली ओढलेली आहे. तेव्हापासून सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, रेघ मात्र जागची हललेली नाही.

पगारदाराला तर विचारतच नाहीत. त्याच्या वतीने कंपनीचं अकाउंट्स खातं अंदाज बांधतं, बाराने भागतं आणि दरमहा कापून भरतं. त्याच्याकडे पगाराखेरीज नाव घेण्याजोगं उत्पन्न नसेल, तर १५ जून ही त्याच्या आयुष्यातली फक्त शाळा सुरू होण्याची तारीख.

मग उरला कोण? ज्याचं उत्पन्न दर महिन्याला वेगळं असतं तो. केटरर, अनुवादक, निवेदिका, लग्नाचे फोटो काढणारा, घरी क्लास घेणाऱ्या बाई, बँजो पार्टीचा मालक. वर्षाचा पगार ज्याला पैशापर्यंत पाठ आहे, त्याला सरकार अंदाज विचारत नाही. पुढच्या महिन्यात काम आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मात्र पुढच्या मार्चचं सांगायचं. आगाऊ कराबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. पुढचं सगळं या तक्रारीवरचं व्याज समजा.

२०१६ पर्यंत निदान जून महिना आपला होता. कंपन्यांना चार हप्ते आणि व्यक्तींना तीन, असा नियम होता. व्यक्तीचा पहिला हप्ता सप्टेंबरात, तीस टक्क्यांचा. २०१६च्या अर्थसंकल्पाने समता आणली. आता हजारो कोटींची कंपनी आणि बँजो पार्टी एकाच रांगेत, एकाच तारखेला उभी असते. कंपनीकडे अंदाज बांधायला वेगळा विभाग असतो. तिने किती आगाऊ कर भरला यावरून शेअर बाजारातले लोक तिच्या नफ्याचा अंदाज बांधतात. बँजो पार्टीकडे एक डायरी असते आणि तिच्यात गणपतीनंतरची पानं कोरी असतात.

कायद्याला दयामाया नाही असं नाही. छोट्या धंदेवाल्याने उलाढालीच्या आठ टक्के, पैसे बँकेतून आले असतील तर सहा टक्के, नफा धरून कर भरायचं कबूल केलं, तर त्याला १५ मार्चचा एकच हप्ता असतो. पेणच्या मूर्तिकाराचा माल भाद्रपदात विकला जातो. हा मार्ग धरला तर न विकलेल्या गणपतींवरचा कर त्याला जूनमध्ये भरावा लागत नाही. व्यावसायिकांसाठीही अशीच सोय आहे: जमेतला निम्मा भाग नफा धरा आणि मार्चमध्ये एकदाच भरा. मात्र त्यासाठी कायद्याच्या यादीत नाव हवं. यादीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, आर्किटेक्ट, इंजिनिअर, हिशेबनीस आणि इंटिरिअर सजवणारे आहेत. चित्रपटाचे कलावंतही आहेत, त्यात सिनेमाचा गीतकारही आला. कवितासंग्रह काढणारा कवी नाही. नुसतं यमक जुळून भागत नाही. ही सवलत हवी असेल तर त्या यमकावर कुणाला तरी नाचावं लागतं.

पंधरा जूनचा पाऊस

मुंबईत मोसमी पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे पहिला हप्ता भरायचा तेव्हा पाऊस येऊन चार दिवस झालेले असतात, तेही तो वेळेवर आला तर. हवामान खातं एप्रिलमध्ये मोसमाचा अंदाज देतं आणि त्यासोबत सांगून टाकतं की पाच टक्के इकडे किंवा तिकडे होऊ शकेल. मेअखेरीस तो अंदाज सुधारतं. हे काम करणाऱ्यांत पुण्याचं सिमला ऑफिस, म्हणजे याच खात्याचं तिथलं कार्यालय, आलं. या लोकांकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, महासंगणक आहेत आणि शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी आहेत. केटररकडे फोन आहे.

त्यालाही थोडी सूट आहे, पण एकाच बाजूची. जूनला पंधराऐवजी बारा टक्के आणि सप्टेंबरला पंचेचाळीसऐवजी छत्तीस टक्के भरलेले असले, तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. डिसेंबर आणि मार्चला तीही सूट नाही. तोपर्यंत तुम्हाला भविष्य दिसू लागलं असेल असा कायद्याचा समज असावा.

आता जरा दिवस मोजू. १ एप्रिलपासून १५ जूनपर्यंत ७६ दिवस जातात, म्हणजे वर्षाचे जवळजवळ एकवीस टक्के. मागणी पंधराची. इथे सरकार मागे आहे, आभार. १५ सप्टेंबरला वर्षाचे सेहेचाळीस टक्के दिवस सरलेले, मागणी पंचेचाळीस. फिट्टंफाट. १५ डिसेंबरला दिवस सरले एकाहत्तर टक्के आणि मागणी पंचाहत्तर. इथे सरकारने तुम्हाला गाठलं आणि मागे टाकलं. १५ मार्चला वर्षाचे सोळा दिवस शिल्लक असतात आणि मागणी पूर्ण शंभर टक्के.

ते सोळा दिवस कोणते, हे ज्याने कधी एखाद्या मोठ्या कार्यालयाचं काम केलं आहे त्याला सांगायला नको. मार्च एन्ड! जूनमध्ये दिलेलं बिल ज्या टेबलावर नऊ महिने निवांत पडलेलं असतं, त्या टेबलाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाय फुटतात. ‘निधी लॅप्स होईल हो, आजच सही करा,’ असे फोन येतात. एकतीस तारखेला रात्री उशिरा पैसे खात्यात पडतात. त्या पैशांवरचा कर तुम्ही सोळा दिवसांपूर्वीच भरलेला असणं अपेक्षित असतं. मार्चअखेरची खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असं केंद्र सरकारच्याच वित्तीय नियमांत लिहिलेलं आहे. वर्षाच्या खर्चातला पंधरा टक्क्यांहून जास्त भाग मार्चमध्ये उडवू नये, असं वित्त मंत्रालय इतर खात्यांना बजावतं. खात्यांनी हे ऐकलं नाही तर मंत्रालय त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बजावतं.

एका दिवसाचे तीन महिने

व्याजाची रीत समजून घेण्यासारखी आहे. डिसेंबरचा हप्ता पंधराऐवजी सोळा तारखेला भरला, तर तूट जेवढी असेल तेवढ्यावर तीन महिन्यांचं व्याज लागतं. एक दिवस चुकला काय आणि ऐंशी चुकले काय, रक्कम तीच. सोळा तारखेला ज्याला जाग आली, त्याला कायदा प्रेमाने सांगतो की आता घाई करू नका, व्याज लागून गेलेलं आहे, मार्चपर्यंत पडून राहा.

उदाहरण घ्या. टीडीएस काही कापलेला नाही, वर्षाचा कर एक लाख रुपये, आणि तो ३१ जुलैला एकरकमी भरला. जूनच्या पंधरा हजारांवर ४५० रुपये. सप्टेंबरच्या पंचेचाळीस हजारांवर १,३५०. डिसेंबरच्या पंचाहत्तर हजारांवर २,२५०. मार्चच्या लाखावर एका महिन्याचे १,०००. झाले ५,०५०. मार्चअखेर नव्वद टक्केही भरला नव्हता म्हणून एप्रिल ते जुलैचे आणखी ४,०००. एकूण ९,०५०. एक ऑगस्ट उजाडला तर ऑगस्टचे हजार वेगळे, कारण महिन्यातला एक दिवस गेला की महिना गेला, असा हिशेब आहे.

सीएला विचारलं तर तो कीबोर्डवरून नजर न काढता म्हणतो, ‘२३४ बी आणि सी लागेल साहेब, किरकोळ आहे, धरून टाकू.’ किरकोळ हा सीए लोकांचा पारिभाषिक शब्द आहे. दुसऱ्याच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला तो लावतात. हल्ली तर हे आकडेही बदलले. १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा, सुटसुटीत म्हणवणारा कायदा आला, कलमांना नवे नंबर मिळाले. चार तारखा आणि चार टक्केवाऱ्या मात्र होत्या तिथेच आहेत. घर रंगवलं, भाडं तेच.

उलट्या बाजूचा काटा

समजा तुम्ही भित्रे आहात. जूनमध्येच घसघशीत कर भरून टाकला आणि पुढे काम आलंच नाही. आता सरकार तुमचं देणं लागतं. तुमच्याकडून महिना एक टक्का घेणारं सरकार तुम्हाला महिना अर्धा टक्का देतं. तेही जूनपासून देत नाही; वर्ष संपल्यावर, एक एप्रिलपासून मोजायला लागतं. जून ते मार्च तुमचे पैसे सरकारकडे राहिले, त्याचं काय? देशसेवा. परत करायची रक्कम एकूण कराच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर अर्धा टक्काही नाही.

शिवाय तुम्हाला मिळालेलं व्याज हे तुमचं उत्पन्न. त्यावर कर भरायचा. तुम्ही दिलेलं व्याज हा तुमचा खर्च धरत नाहीत. त्याची वजावट नाही. आणि रिफंडाचं व्याज येणार हे ओळखून पुढच्या वर्षीच्या अंदाजात ते धरायला विसरू नका.

लॉटरी लागलेल्याला माफी

या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी जागा आता सांगतो. काही उत्पन्नांचा अंदाज माणूस बांधूच शकत नाही, हे कायद्याला मान्य आहे. अशा उत्पन्नामुळे आधीचे हप्ते कमी पडले असतील तर व्याज माफ. उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ते संपले असतील तर ३१ मार्चपर्यंत, त्यावरचा कर भरला की झालं. ही उत्पन्नं कोणती? शेअर किंवा जमीन विकून झालेला भांडवली नफा. लाभांश. पहिल्यांदाच सुरू केलेल्या धंद्याची कमाई. आणि लॉटरी, शर्यती, जुगार वगैरे.

मार्चमध्ये लॉटरी लागली तर कायदा तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘तुला तरी बिचाऱ्याला कसं कळणार?’ मार्चमध्ये काम मिळालं तर म्हणतो, ‘जूनमध्ये का नाही सांगितलंस?’

घोड्यावर लावलेले पैसे कधी येतील ते सांगता येत नाही, हे कबूल. पण भाषांतराच्या दोनशे पानांचं मानधन, जे ‘पुढच्या आठवड्यात नक्की टाकतो’ असं दिवाळीपासून ऐकू येतं आहे, ते कधी येईल हे सांगता येतं, असं कायद्याला वाटतं. संसदेत मराठी खासदार बरेच असतात, पण त्यांतला कुणी मानधनावर जगलेला नसावा.

कापलेलं दिसत नाही

‘पण टीडीएस कापला जातो ना?’ असं पगारदार मित्र विचारतात. जातो. व्यावसायिकाच्या बिलातून दहा टक्के कापतात. ते वजा करून उरलेल्या करावर आगाऊ हप्ता काढायचा. त्यासाठी किती कापलं हे कळायला हवं. कापणारा तिमाही विवरण भरतो तेव्हा ते तुमच्या नावावर दिसू लागतं. एप्रिल ते जूनच्या विवरणाची मुदत ३१ जुलै. तुमच्या हप्त्याची तारीख १५ जून. शेवटच्या तिमाहीत कापलेलं ३१ मेच्या सुमारास दिसतं, म्हणजे शेवटचा हप्ता भरून अडीच महिने झाल्यावर. कापणाऱ्याला आपण आधीच काय केलं हे सांगायला वर्षात चार मुदती आहेत. तुम्ही मात्र त्याने काय केलं असेल आणि पुढे काय करील, हे आधीच ओळखायचं.

आता केटररकडे वळू. हा वह्या ठेवून खरा नफा दाखवणारा, घरगुती लग्नांची कामं घेणारा; याचा टीडीएस कुणी कापत नाही. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. टाळ्या. तेरा लाख झाले तर सेस धरून कर ७८ हजार. १५ डिसेंबरला तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला हंगाम त्याच्या हाताखालून गेलेला असतो आणि पुढे पौष असतो. माघ-फाल्गुनात किती मुहूर्त आहेत हे पंचांगात मिळेल, पण त्यांतले किती यजमान त्याच्याकडे येतील हे मिळत नाही. एक लाख नफ्याचं काम कमी आलं तर कर शून्य. ते आलं तर ७८ हजार, आणि त्याचे पंचाहत्तर टक्के, म्हणजे ५८,५००, आजच्या तारखेला भरलेले हवेत. शून्य आणि साडेअठ्ठावन्न हजार यांच्या मधोमध तो बिचारा बासुंदी ढवळत उभा आहे.

वजावटीचा संकल्प

जुन्या करप्रणालीतल्या वजावटींना ३१ मार्चपर्यंत मुदत. पीपीएफ, विमा, मुलांची फी वगैरे मिळून दीड लाख. गंमत अशी की पैसे मार्चमध्ये भरायचे असले तरी त्यांची वजावट जूनच्या अंदाजात धरायची. हातात पळी-पंचपात्र घेऊन पाणी सोडायचं: मी अमुक गोत्राचा अमुक, येत्या फाल्गुनात दीड लाखाची गुंतवणूक करीन. फाल्गुनात पैसे नसले, तर संकल्प मोडल्याचं प्रायश्चित्त जूनपासूनच्या व्याजासकट.

पगारदाराचा संकल्प एप्रिलमध्ये होतो. कंपनीचा फॉर्म येतो, तो सढळ हाताने सगळे रकाने भरतो. जानेवारीत तीच कंपनी पुरावे मागते आणि घराघरांत धावपळ उडते. आई ही माउली आहे, त्याचबरोबर ती घरमालकीण असल्याचं याच सुमारास उघड होतं. रेव्हेन्यू तिकीट लावून बारा पावत्यांवर तिची सही घेतली जाते. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं तर माउलीचा पॅन नंबरही लागतो. ज्यांना पावत्या जमल्या नाहीत त्यांच्या फेब्रुवारीच्या पगारातून एवढं कापतात, की पगाराच्या स्लिपवर फक्त नाव उरतं.

मार्चमध्ये विमा एजंट असलेला लांबचा मेहुणा जवळचा होतो. बँकेत पीपीएफची रांग लागते. एकतीस तारखेला भरलेल्या पैशांवर वजावट मिळते, पण मार्चचं व्याज मिळत नाही, कारण पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतर खात्यात असलेल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. जो पाच एप्रिलच्या आत भरतो त्याला वर्षभराचं मिळतं. कर वाचवण्यासाठी मार्च आणि पैसा वाढण्यासाठी एप्रिल. दोन तारखांत जेमतेम आठवड्याचं अंतर, तरी रांग वर्षानुवर्षं चुकीच्या टोकाला लागत आली.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते आणि तिच्यात या वजावटी जवळपास नाहीतच. मेहुणा पुन्हा लांबचा झाला. वजावटींत एक लेखकांसाठीही होती, अजूनही जुन्या प्रणालीत आहे: साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत. मराठी लेखकाला वर्षाला तीन लाख रुपये रॉयल्टी मिळू शकते, असा विश्वास मराठी प्रकाशन व्यवहारात आजवर कुणी दाखवला नसेल. तो वित्त मंत्रालयाने दाखवला. सदर लिहिणाऱ्याला मात्र ही वजावट नाही. वर्तमानपत्री लेखन तीत बसत नाही. त्याबाबतीत मंत्रालयाची साहित्यिक जाण वाखाणण्यासारखी आहे.

सरकारचा आगाऊ अंदाज

इतरांना अंदाज बांधायला लावणाऱ्याचे स्वतःचे अंदाज कसे असतात, ते बघू. २०२०-२१ साली सरकारी कंपन्यांतले शेअर विकून २ लाख १० हजार कोटी मिळतील, असा केंद्राचा अंदाज होता. सुधारित अंदाजात त्याचे ३२ हजार कोटी झाले. मूळ अंदाजाचे पंधरा टक्के! बँजो पार्टीने १५ जूनला जिथे असायला हवं, तिथे भारत सरकार वर्षअखेरीला पोचलं.

महामारीचं वर्ष होतं, सोडून देऊ. पुढच्या वर्षी अंदाज १ लाख ७५ हजार कोटी. सुधारित अंदाज ७८ हजार कोटी, म्हणजे ४४.६ टक्के. सप्टेंबरच्या पंचेचाळीसाला थोडक्यात हुकले. एलआयसीच्या शेअरविक्रीवर भिस्त होती, ती मे २०२२ मध्ये, वर्ष उलटून गेल्यावर झाली. प्रत्यक्षात हाती आले ते पंधरा हजार कोटींच्याही आत, म्हणजे नऊ टक्क्यांहून कमी. जूनला आम्हाला जी बारा टक्क्यांची सूट आहे, तीतही हे बसत नाही.

यावर सरकारने व्याज भरलं का? नाही. त्याने जास्त चांगला उपाय काढला. २०२४-२५ पासून निर्गुंतवणुकीचं वेगळं उद्दिष्ट सांगणंच बंद केलं. अंदाज चुकू नये याचा रामबाण इलाज आहे तो. केटररने उद्या असंच कळवलं, की यापुढे मी उद्दिष्ट जाहीर करणार नाही, जे येईल ते येईल, तर?

मुळात ही आगाऊ वसुली आली कधी? १९४४ साली. दुसरं महायुद्ध चालू होतं, महागाई भडकली होती, लोकांच्या हातातला पैसा बाजारात जाण्याआधीच काढून घ्यावा म्हणून इंग्रज सरकारने १९२२च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम घुसडलं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं. त्यानंतर तीन वर्षांच्या आत इंग्रज गेले. कलमाला ही बातमी कुणी दिलेली दिसत नाही. खुद्द प्राप्तिकरही जेम्स विल्सनने १८६० साली आणला तो पाच वर्षांपुरता. सरकारचा ‘तात्पुरता’ आणि प्रकाशकाचा ‘पुढचा आठवडा’ एकाच घड्याळावर चालतात.

सातासमुद्रापलीकडचा पंधरावा दिवस

न्यू जर्सीतला स्वतंत्र काम करणारा मराठी माणूसही वर्षातून चारदा हप्ते भरतो: एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीची पंधरा तारीख. त्याला तिमाही म्हणतात, पण पहिला हप्ता तीन महिन्यांचा, दुसरा दोन, तिसरा तीन आणि चौथा चार महिन्यांचा. बेरीज बारा येते, एवढंच.

कॅलेंडर वेडं असलं तरी नियम शहाणा आहे. मागच्या वर्षी जेवढा कर झाला तेवढा या वर्षी चार हप्त्यांत भरा. कमाई दुप्पट झाली तरी दंड नाही, उरलेला कर विवरणासोबत द्या. मागच्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असलेल्यांनी मागच्या कराच्या एकशेदहा टक्के भरायचे. म्हणजे त्या माणसाला भविष्य विचारत नाहीत, भूतकाळ विचारतात, आणि तो त्याच्या फायलीत असतो. ज्याचं उत्पन्न हंगामी आहे त्याला प्रत्यक्ष पैसे आले त्या काळानुसार हप्ते मोजून दाखवता येतात. व्यक्तींसाठी व्याजाचा दर देताना आणि घेताना एकच. तिथलं खातं काही संतांचं नाही. रिफंडाची वाट तिथेही बघतात. पण हातात नसलेली माहिती मागायची नाही, एवढी रीत त्यांनी सांभाळली आहे.

तेव्हा मागण्या तीन. एक, मागच्या वर्षीच्या कराइतका आगाऊ कर भरला की व्याज बंद. दोन, व्याजाचा दर आणि मोजणीची तारीख दोन्ही बाजूंना सारखी. अर्धा टक्का असेल तर दोघांना अर्धा. तीन, लॉटरीला जी माफी आहे ती मानधनाला आणि बिलांना लावावी, कारण दोन्ही लागतात तेव्हाच कळतं.

यातली एक तरी पुढच्या अर्थसंकल्पात मान्य होईल का, असा अंदाज तुम्ही विचाराल. तेवढ्या एका अंदाजावर अजून व्याज लागत नाही, म्हणून बेधडक सांगतो: नाही.